पिकअप लोडला मरते? होटगी रोडच्या या गॅरेजबद्दल

सोलापुरात होटगी रोडला, आसरा चौकाच्या पुढे एका आतल्या बोळात पत्र्याचं शेड आहे. बोर्ड नाही. बाहेर जुन्या टायरांची रास आणि एक लिंबाचं झाड, एवढीच खूण. मिस्त्रींना नाव छापून आलेलं नको आहे. "आहेत त्या गाड्या लावायला जागा नाही अक्का, अजून कशाला बोलवताव?" म्हणून नाव लिहीत नाही. पण तुमची डिझेल पिकअप किंवा छोटा टेम्पो लोडला मरत असेल आणि कुणी तुम्हाला टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) बदलायला सांगितला असेल, तर पैसे मोजण्याआधी इथे दाखवा.

आमचा जारच्या पाण्याचा धंदा आहे. प्लांट विजापूर रोडला, गिऱ्हाईक जुळे सोलापुरापासून सात रस्ता, नवी पेठेपर्यंत. 20 लिटरच्या जारमध्ये पाणीच 20 किलो; 60 जार चढवले की सव्वा टन झाला. आणि आमची गाडी हायवेला पळत नाही. दुकानासमोर थांबायचं, दोन जार उतरवायचे, रिकामे उचलायचे, पुन्हा पहिला गिअर. सगळं काम 1000 ते 2000 आरपीएमच्या आतलं. वरच्या रेसला इंजिन कितीही ताकद देवो, नवी पेठेच्या गल्लीत तिचा उपयोग शून्य.

गाडी सेकंडहँड आहे, अडीच लिटरचं टर्बो डिझेल. आधीचे मालक द्राक्षबागाईतदार आणि हौशी. कंपनीचे 215/75 आर15 टायर काढून त्यांनी 235/75 बसवले, मागे कमानीत जादा पाटा टाकला, सायलेन्सर फ्री-फ्लो केला, पुढे एलईडी बार आणि प्रेशर हॉर्न. त्या भोंग्यांची वायर आम्ही गाडी घरी आल्या आल्या तोडून टाकली. दवाखान्याच्या दारात पाणी टाकायला जाणाऱ्या गाडीला ते कशाला हवेत? भोंगे मात्र ग्रिलमागे तसेच राहिले. त्यांची गोष्ट पुढे येते.

दिवाळीपर्यंत तक्रार नव्हती. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला ड्रायव्हर पोरगा कुरकुरायला लागला, "मालकीणबाई, गाडी उठेना." आधी मला वाटलं यात्रेच्या गर्दीचा वैताग बोलतोय. मग मी स्वतः शेजारी बसून गेले. आसरा पुलाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी अक्षरशः बसली. पहिला टाकला, क्लच जाळला, मागून रिक्षावाल्यांचे हॉर्न. गंमत अशी की पूल उतरून रस्ता मोकळा झाला आणि काटा 2000 च्या वर गेला, की गाडी पूर्वीसारखीच पळाली. काळा धूर थोडा वाढला होता. डॅशबोर्डवर दिवा कुठलाच नाही.

इथे येण्याआधी आम्ही दोन-तीन ठिकाणी फिरलो. त्यांची नावं घेत नाही. एकाने इंजेक्टर साफ करून 6,500 घेतले, फरक पडला नाही. दुसऱ्याने स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड काही नाही म्हणाला, आणि तरीही टर्बो गेलाय असं सांगून 38,000 चं कोटेशन हातात ठेवलं. कोड नाही तर टर्बो गेल्याचं कशावरून कळलं, या प्रश्नावर "अनुभव" एवढंच उत्तर. आणि टायर-सायलेन्सरकडे बोट दाखवून "मॉडिफाय केलेल्या गाडीचं असंच असतंय" म्हणणारे तर रस्त्यावर कुठेही भेटतात.

होटगी रोडच्या मिस्त्रींनी पहिल्यांदा बॉनेट उघडलंच नाही. स्टुलावर बसून ड्रायव्हरला प्रश्न विचारले. कुठल्या गिअरला मरते? रिकामी असताना पण? कितीच्या वर उठते? धूर कुठल्या रंगाचा? मग मला म्हणाले, "टायर आणि सायलेन्सर गाडी घेतली तेव्हाचेच ना? आणि दिवाळीपर्यंत ओढत होती ना? मग दिवाळीनंतर काय बदललं ते शोधायचं, टायरला शिव्या देऊन काय उपयोग?" माझ्या मते निम्मं निदान इथेच झालं. गाडीवर चार गोष्टी वेगळ्या दिसल्या की सगळ्यांची नजर तिथेच अडकते, आणि नवीन काय बिघडलं हे कुणी विचारत नाही.

टायरचा हिशोब मात्र त्यांनी सोडला नाही. खडू घेऊन पत्र्यावर मांडला: 215 चे 75 टक्के 161, दोन्ही बाजूंचे मिळून 322, त्यात रिमचे 381, म्हणजे चाकाची उंची 703 मिलिमीटर. 235 चा हिशोब तसाच केला तर 733. चाक 4 टक्क्यांनी मोठं, म्हणजे प्रत्येक गिअर 4 टक्क्यांनी लांब. "एवढं गेलंय ते गेलंय. पण 4 टक्क्यांनी गाडी पुलावर बसत नसती."

डिझेल फिल्टर आणि पंपावरचा संशयही त्यांनी बसल्या जागी बाजूला केला. डिझेल कमी पडत असतं तर जास्त रेसला, जास्त मागणीला गाडी मेली असती. ही तर वर गेल्यावर सुधारते. क्लचचीही परीक्षा घेतली: हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच हळू सोडला, इंजिन लगेच बंद पडलं. प्लेट घसरत असती तर इंजिन फिरत राहिलं असतं. मागची चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवली, मोकळी फिरली, ब्रेक अडकत नव्हते. हे सगळं चहा येईपर्यंत. (चहात साखर फार, आधी सांगून ठेवते.)

मग त्यांचा भाचा लॅपटॉप घेऊन आला. स्कॅनर इथेही आहे, पण नुसता कोड बघून स्कॅनर बंद केला नाही, चालू आकडे बघितले. इंजिन बंद, चावी ऑन: हवेच्या दाबाचा सेन्सर 96 किलोपास्कल दाखवतो. भाचा म्हणाला, बरोबर आहे. समुद्रकाठी हा आकडा 101 च्या आसपास येतो, सोलापूर साडेचारशे मीटर उंचीवर, म्हणून आपल्याकडे 95-96. म्हणजे सेन्सर खोटं बोलत नाही. एवढी साधी खात्री आधी कुणीच केली नव्हती.

पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडली. आमची जारने भरलेली गाडी पुलावर नेली, तिसऱ्या गिअरमध्ये एक्सलेटर पूर्ण दाबला आणि 1500 आरपीएमला त्याच सेन्सरचा आकडा टिपला: 120. मग शेडमध्ये सर्व्हिसिंगला आलेली त्याच मॉडेलची दुसरी पिकअप, तिच्या मालकाला विचारून, तशीच भरून त्याच चढावर नेली. तिचा आकडा 150 च्या वर. वाद संपला. आमच्या इंजिनला हवा कमी मिळत होती आणि किती कमी तेही कळलं.

हवा कमी आहे याचा अर्थ टर्बो गेला असा होत नाही. टर्बोने ढकललेली हवा इंजिनपर्यंत पोचायच्या आधी वाटेत गळत असेल तरी आकडा कमीच येणार. वरच्या रेसला एक्झॉस्टचा जोर इतका असतो की टर्बो जास्त हवा ढकलून गळती भरून काढतो. खालच्या रेसला मुळात हवा थोडी, त्यातलीच गळाली की उरतं काय? त्यामुळे खाली मेलेली आणि वर जिवंत गाडी दिसली की आधी गळती बघायची, हा मिस्त्रींचा शिरस्ता.

गळती शोधायचं त्यांचं हत्यार घरचंच आहे. पीव्हीसी पाईपचं एक टोपण, त्याला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेला. ते टर्बोच्या तोंडाशी होजमध्ये घट्ट बसवायचं आणि कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरने एका बारपर्यंत उतरवून आत सोडायची. थेट कॉम्प्रेसर लावला तर सील उडतील, असं भाच्याला दोनदा बजावलं. मग साबणाचं पाणी. क्लिपा ठीक, इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) ठीक. ग्रिलकडून वर येणाऱ्या रबरी होजच्या खालच्या अंगाला मात्र फेसाचे बुडबुडे. प्रेशर हॉर्नची पट्टी! तिचा एक नट ढिला झाला होता, पट्टी होजवर घासत होती आणि रबर खाऊन दोन बोटांची चीर पडली होती. वरून हात फिरवला तर लागत नव्हती. लोडवर इंजिन हललं आणि आत दाब चढला की चीर उघडायची, इंजिन शांत झालं की मिटायची. म्हणून कुणाच्या डोळ्याला दिसली नाही.

होज बदलला, पट्टी भोंग्यांसकट काढून टाकली, पुन्हा पूल. 1500 ला 140. मी खूश होऊन पैसे काढायला लागले, तर मिस्त्री म्हणाले, "दहा कुठायत?" दुसऱ्या दिवशी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी (इंजिनचा धूर टर्बोकडे नेणारा पाईप) काजळीचा पट्टा दाखवला. एक स्टड तुटला होता आणि गॅसकेटमधून धूर टर्बोच्या आधीच बाहेर जात होता. टर्बो फिरतो तो याच धुराच्या जोरावर. याच ओघात मी सायलेन्सरचं विचारलं, कारण फ्री-फ्लो केल्यामुळे "बॅक प्रेशर" गेलं आणि ताकद गेली, हे मला निदान चार जणांनी ऐकवलं होतं. ते हसले. टर्बोच्या पुढची वाट मोकळी असेल तर टर्बोला फिरायला उलट सोपं जातं. टर्बोच्या आधी गळती नको. सायलेन्सर बदलायचा तर आवाजासाठी बदला, असा सल्ला मिळाला. तो अजून बदललेला नाही, पण यादीत आहे.

स्टड काढायला पूर्ण दिवस गेला. नंतर 1500 ला 152 आलं. आता भरलेली गाडी आसरा पूल दुसऱ्या गिअरमध्ये चढते आणि डिझेलचं ॲव्हरेज साडेनऊवरून अकराच्या आसपास आलंय. तपासणीचे 700, होज 1,450, गॅसकेट, स्टड आणि मजुरी धरून 5,000 च्या आत काम झालं. 38,000 चं कोटेशन मी जपून ठेवलंय.

एक गोष्ट त्यांनी करायला नकार दिला, तीही सांगते. ड्रायव्हरने ऐकलं होतं की ईजीआरला (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) पत्र्याची चकती मारली आणि एक चिप लावली की गाडी उडते. मिस्त्री म्हणाले, तसली कामं इथे होत नाहीत. धूर आणि पीयूसीची कटकट मालकाला आणि इंजिनची कटकट मला. टायरबद्दल मात्र आग्रह धरला: आहेत ते झिजले की परत 215 घ्या, ते 4 टक्के फुकटात परत मिळतात.

आता तक्रारी. बसायला एक स्टूल, त्यावरही बहुतेक वेळा मिस्त्रीच. बायकांसाठी सोय म्हणाल तर समोरच्या किराणा दुकानातल्या वहिनी चांगल्या आहेत, एवढीच. दुपारी दीड ते चार काम बंद. एप्रिल-मेच्या उन्हात त्या पत्र्याखाली कोण उभं राहणार, म्हणून मी त्यांना दोष देत नाही, पण आपला दिवस मोडतो. वेळ सांगतील त्याच्या दुप्पट धरा. पक्कं बिल मागितल्यावर वहीचं पान फाडून मिळतं, जीएसटीवाल्यांची पंचाईत होते. फोन उचलत नाहीत. आणि समजावून सांगायची इतकी हौस की घाईत असाल तर जीव मेटाकुटीला येतो.

पाचपैकी चार तारे. एक बिलाचा कापला.

जायचं असेल तर सकाळी नऊच्या आत जा आणि गाडी नेहमीएवढी भरूनच न्या. माझ्यासमोर एका भाजीवाल्याने टेम्पो रिकामा आणला होता, त्याला "माल भरून ये" म्हणून बाहेरूनच परत पाठवलं.