कॉलसाठी बँडविड्थ राखून ठेवावी, की रांग सुधारावी?

ऑफिसात कुणी मोठी फाइल क्लाउडवर चढवायला घेतली, की इंटरनेट कॉलवरचा आवाज तुटू लागतो. मग जो तो सांगतो, मोठा प्लॅन घ्या. पण जी.७११ कोडेकचा (आवाज डिजिटल करण्याची एक पद्धत) एक कॉल इथरनेटच्या हेडरसकट एका दिशेला जेमतेम ८७ केबीपीएस घेतो. दुखणं रांगेचं आहे. मोडेमच्या बफरमध्ये, म्हणजे पॅकेटं थांबून राहतात त्या जागेत, १ मेगाबाइट तुंबलं, तर १० एमबीपीएसच्या अपलोडवर ते उपसायला ८०० मिलिसेकंद लागतात. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीत मात्र एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आहे.

यावर तीन पर्याय आहेत. पहिला आरएसव्हीपी (बँडविड्थ राखून ठेवण्याचा १९९७ चा प्रोटोकॉल), म्हणजे खरंखुरं आरक्षण. कॉल लागण्याआधी वाटेतल्या प्रत्येक राउटरला 'एवढी जागा आहे का?' असं विचारलं जातं. सगळ्यांनी होकार दिला तरच जागा पक्की. पण प्रत्येक राउटरने प्रत्येक कॉलची नोंद सांभाळायची, हे खुल्या इंटरनेटवर कुणी करत नाही. दोन्ही टोकं आणि मधली लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेली खास लाइन) तुमच्याच ताब्यात असेल, तरच याचा विचार करा.

डीएससीपी (पॅकेटच्या हेडरमधला प्राधान्याचा आकडा) आणि प्राधान्याची रांग: आवाजाच्या पॅकेटवर ४६ हा शिक्का मारायचा; राउटर ते पॅकेट आधी सोडतो. शाखा जोडणाऱ्या लाइनवर मी हेच निवडेन. मात्र एक खाच आहे, आणि ती बरेच जण विसरतात. समजा, या रांगेला ८०० केबीपीएस दिले. त्यात नऊ कॉल बसतात. लाइन भरलेली असताना दहावा आला, तर राउटरला तो 'दहावा' म्हणून कळतच नाही. मर्यादेपलीकडची पॅकेटं तो टाकून देतो, मग ती कुणाचीही असोत. दहाही जणांचा आवाज फाटतो. आरएसव्हीपीत दहाव्याला सरळ नकार मिळाला असता आणि नऊ जण नीट बोलले असते. म्हणून पीबीएक्समध्येच (ऑफिसच्या फोन एक्सचेंजमध्येच) कॉलची कमाल संख्या नऊ ठेवा. व्हिडिओ या रांगेत घालू नका; त्याचे मोठे लोट आवाजाला अडवतात. त्याला ३४ चा शिक्का आणि वेगळी रांग द्या.

एसक्यूएम (राउटरमधली रांग आटोक्यात ठेवणारी सोय): घर किंवा छोटं ऑफिस, एकच ब्रॉडबँड, तर माझ्या मते हाच पर्याय. यात काहीच राखून ठेवलेलं नसतं. तुमचा शिक्का सेवा देणारी कंपनी बहुधा जुमानत नाही, पण रांग आपल्या राउटरमध्ये ओढून आणता येते. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये (राउटरवर चालणारी मोफत प्रणाली) 'केक' ही रांगेची पद्धत निवडा आणि अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के ठेवा. माझ्याकडे १० एमबीपीएसचे ९ केले. बॅकअप चालू असताना पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ) ६०० मिलिसेकंदांच्या वर जायचा, तो ३०च्या आसपास आला. एक एमबीपीएस गमावला, त्याचं मला काहीच वाटलं नाही. लाइन फार वेगवान आणि राउटर जुना असेल, तर मात्र त्याचा प्रोसेसर दमतो.

ठरवण्याआधी मोठं अपलोड लावा आणि शेजारी पिंग चालू ठेवा. आकडा फुगला नाही आणि तरीही आवाज तुटतो, तर आधी वायफाय तपासा.