क्रॅपीसाठी ट्रोलिंग: जिग हेड आणि गळ, पाच महिन्यांच्या वापरानंतर

मे ते सप्टेंबर, पाऊस नसेल त्या प्रत्येक शनिवारी पहाटे मी आणि माझी मुलगी अमेरिकेतल्या मिनेटोंका तलावावर क्रॅपी या गोड्या पाण्यातल्या माशामागे होतो. ट्रोलिंग म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत नेणं, आणि जिग म्हणजे डोक्याला धातूचं वजन जडवलेला गळ. ते वजन म्हणजे हेड. छोटी बोट, विजेवरची मोटर. मिनेसोटात बर्फ नसताना माणशी एकच लाईन टाकता येते, त्यामुळे दोन जिग ताडून बघायचे तर दोघं लागतातच. तिच्या रॉडला एक, माझ्या रॉडला दुसरा.

पहिला महिना रंग बदलण्यात गेला. नंतर लक्षात आलं की आधी वजन बघायला हवं होतं. क्रॅपी वर बघून खाणारा मासा आहे. जिग तिच्या थोडा वरून गेला तर ती उठून घेते, खालून गेला तर फुकट. ताशी दीड किलोमीटर वेगाला १/८ औंसाचा जिग सारखा गवतात अडकत होता, १/३२ चा फारच वर राहत होता. १/१६ औंस, म्हणजे पावणेदोन ग्रॅम, ४ पाउंडी (तेवढा ताण सोसणाऱ्या) लाईनवर गवताच्या शेंड्यांवरून नीट चालला. बोट सरळ नेऊ नका, नागमोडी न्या. वळताना आतल्या बाजूचा जिग खाली बसतो, बाहेरचा वर उठतो. मासा कुठल्या रॉडला लागला यावरून त्या दिवशी ते किती खोल आहेत ते कळतं.

आता गळ. माझं सगळ्यात ठाम मत इथे आहे: बारीक तारेचाच घ्या. इकडे त्याला ॲबर्डीन म्हणतात. क्रॅपीच्या तोंडाचा पडदा कागदासारखा पातळ असतो. मालवणला लहानपणी गरी टाकताना हिसका द्यायची सवय लागलेली, त्या हिसक्याने इथे कितीतरी मासे सुटले. बारीक गळ चालत्या बोटीच्या ओढीनेच रुततो, हिसका लागत नाही. बुडालेल्या फांदीत अडकला तर हळूहळू ओढत राहा, गळ सरळ होऊन सुटतो, जिग वाचतो. पकडीने परत वाकवायचा. पण दोन-तीनदाच, मग तार कमजोर होते, तो टाकून द्या.

आकड्यांत नवीन माणूस हमखास चुकतो. ८ नंबरचा गळ ६ पेक्षा लहान असतो. क्रॅपीला मी ६ किंवा ४ वापरतो. ब्लूगिल ही इथलीच दुसरी मासळी, तिचं तोंड चिमुकलं, तिला ८ आणि १/३२ चं हेड, वेग आणखी कमी.

एका स्वस्त पाकिटाने फार त्रास दिला. प्रत्येक हेडचं लाईन ओवायचं भोक रंगाने बुजलेलं, पहाटेच्या अंधारात सुईने उकरत बसावं लागलं. विकत घेताना हे बघाच. गाठही दर माशानंतर तपासा. ती पुढे सरकली की जिग तोंड वर करून लटकतो, आडवा चालत नाही.

जुलैपासून शिशाची हेड बंद केली. लून हा इथला राज्यपक्षी, आणि गिळलेल्या शिशाच्या एका जिगनेही तो मरतो. पहाटे त्याची हाक ऐकत मासे धरायचे आणि पाण्यात शिसं सोडायचं, हे मनाला पटेना. टंगस्टन महाग आहे, पण शिशापेक्षा जड, त्यामुळे तेवढ्याच वजनाचं हेड लहान होतं. ब्लूगिलला ते फारच आवडलं. आता डब्यात १/१६ ची बारा आणि १/३२ ची सहा हेड आहेत, सगळी बिनशिशाची.