चिलखत की चालतं यंत्र? पन्हाळ्याच्या वाटेवर नेऊन केलेली तुलना

भाचीला दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहायची आहे. काळ शंभर वर्षांनंतरचा, जागा आपलीच. पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे रातोरात निघालेली दहा जणांची तुकडी, आषाढातला पाऊस, मागावर शत्रू. कथा अर्ध्यात अडली आणि तिचा फोन आला, "मामा, माणसाला चिलखत घालू, का माणसाला यंत्रात बसवू?" चिलखत म्हणजे अंगावर चढवायचं, सांध्यासांध्याला मोटर असलेलं. यंत्र म्हणजे आठ-नऊ मीटर उंच, दोन पायांवर चालणारं. मी उद्यमनगरात हायड्रॉलिक पंप आणि सिलिंडर दुरुस्त करतो. त्यामुळे फोनवर दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळं होणं जमेना. तिच्यासारखं आणखी कुणी असंच अडलं असेल, तर त्यांनाही उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिला प्रश्न जमिनीचा. माणूस सगळ्या बाजूंनी पाचपट मोठा केला तर तळपायाचं क्षेत्रफळ पंचवीसपट होतं, वजन मात्र एकशेपंचवीसपट. ७५ किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला की दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३०० ग्रॅम भार येतो. पाचपट माणसाचा येईल दीड किलो. अवजड रणगाड्याचा भार एक किलोच्या आसपास असतो, कारण त्याचं वजन लांब पट्ट्यांवर पसरलेलं असतं. शिवाय माझा हिशेब हाडामांसाचा आहे, त्यात पोलाद आणि तोफ धरलेली नाही. अवकाळी पावसात उसानं भरलेली ट्रॉली काळ्या रानात आसापर्यंत रुतलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. दोन पायांचं यंत्र तर प्रत्येक पावलाला सगळं वजन एकाच पायावर घेणार.

चिलखताचं गणित वेगळं. ७५ किलोचा माणूस, ४० किलोचं चिलखत, ३५ किलोचं ओझं, असे दीडशे किलो झाले तरी भार ६०० ग्रॅमवर राहतो. तळवा थोडा रुंद केला की तोही उतरतो. जांभ्याच्या सड्यावर तर काळजीच नाही. खाली झाडीत शिरल्यावर पायवाट एका माणसाची असते, तिथून चिलखतवाला वाकून निघून जाईल. नऊ मीटरच्या यंत्राला आधी झाडं पाडावी लागतील, आणि पडलेल्या झाडांचा माग शत्रूला आयताच मिळेल.

घसरून पडण्याचाही विचार करा. चिलखतातला माणूस चिखलात पडला तर उठतो. यंत्रात सात मीटरवर केबिन असेल, तर ती जमिनीवर आदळताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर गेलेला असतो. आतला चालक लढाईआधीच जायबंदी.

आता प्रत्यक्षात काय झालं ते. दोन्ही वाटा एकाच कंपनीनं चोखाळून पाहिल्या आहेत. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये राल्फ मोशर या इंजिनिअरनं १९६० च्या दशकात 'हार्डिमन' नावाचं चिलखत करायला घेतलं. ६८० किलो उचलायचं ध्येय होतं, आणि त्याचं स्वतःचं वजनही तेवढंच भरलं. एक हात नीट चालला. सगळे अवयव एकदम चालू केले की ते अनावर झटके देई, त्यामुळे आत माणूस ठेवून पूर्ण कधी चालवलंच नाही. याच मोशरनं चार पायांचा चालता ट्रकही केला. चालकाच्या दोन हातांनी पुढचे पाय हलायचे, दोन पायांनी मागचे. तो चालला, पण चालक थोड्याच वेळात थकून जायचा. मला हे फार बोलकं वाटतं. ताकद दोन्हीकडे होती. ट्रकचं अडलं ते चारही पायांचा तोल एकट्या माणसाच्या डोक्यावर टाकल्यामुळे. पुढे १९८० च्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठात सहा पायांचं यंत्र झालं, तेव्हा पायांचं काम संगणकाकडे गेलं आणि चालकाला फक्त दिशा दाखवायची राहिली.

चिलखताचा मोठा अलीकडचा प्रयत्न म्हणजे अमेरिकी विशेष दलांचं 'टॅलोस'. २०१३ मध्ये घोषणा झाली. २०१९ मध्ये त्यांनी मान्य केलं की लढाईत घालण्याजोगा अखंड पोशाख इतक्यात होत नाही, सुटे भाग मात्र कामाचे आहेत. म्हणून चिलखत निवडलंत तर ते जादूचं करू नका. गुडघ्याचंच घ्या. माणसाचा गुडघा दरवाजाच्या बिजागरीसारखा एकाच आसावर फिरत नाही, वाकताना आस सरकतो. बाहेरचा सांधा तसा सरकला नाही तर प्रत्येक पावलाला पट्टा मांडीत घुसतो. पाच तास चाललेला सैनिक शत्रूच्या आधी त्या पट्ट्याला शिव्या देईल. हे वाक्य कथेत असलं की वाचकाचा विश्वास बसतो.

सगळ्यात अवघड जागा ऊर्जेची. चिलखताला सरासरी एक किलोवॅट लागतो असं धरू. आजची दहा किलोची लिथियम बॅटरी साधारण दोन तास पुरेल. दहा किलो डिझेलमधून इंजिनाचं नुकसान वजा जाता वीसपट काम मिळतं, पण इंजिनाबरोबर आवाज येतो आणि उष्णताही. अमेरिकी मरीन्सनी 'एलएस३' हे चार पायांचं यांत्रिक खेचर तपासलं होतं. ते १८० किलो ओझं घेऊन ३२ किलोमीटर जावं अशी आखणी होती. २०१५ च्या अखेरीस ते बाजूला पडलं, मुख्य तक्रार आवाजाची. आपल्या सैन्यानं घेतलेली यांत्रिक खेचरं विजेवर चालतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सेना दिन संचलनात ती चालताना पाहिली तेव्हा ऊर भरून आला. आकारानं मोठ्या कुत्र्याएवढी, ओझं थोडंच वाहतात, पण चालतात.

यंत्रच हवं असेल तर दोन पायांचा हट्ट सोडा. सहा पायांचं, पोट जमिनीलगत असलेलं, भातखाचरातल्या खेकड्यासारखं करा. तीन पाय टेकलेले, तीन उचललेले, तोल सहसा जात नाही. जड तोफ वाहायची, ढिगाऱ्यावरून जायचं, तर ते चांगलं. सपाट रानात मात्र त्याच वजनाचा रणगाडा त्याला भारी पडेल, हे लक्षात ठेवून प्रसंग निवडा.

भाचीला मी चिलखत सांगितलं, आणि सोबत खेचरं. पन्हाळा ते पावनखिंड पन्नास किलोमीटरच्या आसपास. पावसाळी वाटेवर ताशी चार किलोमीटर धरले तर एका बॅटरीत आठ किलोमीटर होतात. म्हणजे माणशी सहा-सात बॅटऱ्या, दहा जणांच्या सहाशे-सातशे किलो. एलएस३ सारखी चार खेचरं लागतील. त्यांचा आवाज धो धो पावसात थोडा दबेल. पण ती बत्तीस किलोमीटरवर थांबणार, खिंड अजून लांब, आणि पुढचं ओझं ज्यानं त्यानं पाठीवर घ्यायचं.

हा हिशेब ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे खिंडीच्या तोंडाशी सगळ्यांकडे मिळून एक-दोनच भरलेल्या बॅटऱ्या उरतील. त्या कुणाच्या चिलखतात घालायच्या, तेच लिहिते."