नॅरॉयफ्योर्डमधली बिनआवाजी बोट: बर्गेनहून एका दिवसाची सफर

नॉर्वेतल्या बर्गेनहून सकाळी निघून रात्री परत येता येतं. मधल्या दहा-अकरा तासांत डोंगरातली रेल्वे, दोन तासांची बोट आणि एक बस असा फेरा पूर्ण होतो. पर्यटन कंपन्यांच्या माहितीपत्रकात या फेऱ्याचे सगळे टप्पे सारख्याच महत्त्वाचे दिसतात, पण तसं नाही. दिवस वसूल होतो तो फ्लोम ते गुडवांगेन या दोन काठावरच्या गावांमधल्या बोटीवर, आणि त्यातही शेवटच्या सव्वा तासात. त्यामुळे बाकीचा दिवस त्या सव्वा तासाच्या सोयीनं आखावा.

आधी जागा समजून घेऊ. सोन्येफ्योर्ड हा नॉर्वेतला सर्वांत लांब फ्योर्ड, २०० किलोमीटरहून अधिक लांबीचा आणि सर्वांत खोल ठिकाणी १,३०० मीटरहून खोल. त्याचा एक फाटा औरलँडफ्योर्ड आणि त्या फाट्याचा फाटा नॅरॉयफ्योर्ड. आपल्या दाभोळ किंवा जयगडच्या खाडीसारखी ही नदीमुखात शिरलेली समुद्राची जीभ नव्हे. हिमनदीनं हजारो वर्षं खडक खरवडून केलेली ही दरी आहे आणि बर्फ वितळल्यावर तिच्यात समुद्र शिरला. म्हणून काठ उतरता नसतो, कडा थेट पाण्यात बुडतो. नॅरॉयफ्योर्ड १७ किलोमीटर लांब आहे. सर्वांत अरुंद ठिकाणी तो २५० मीटर रुंद आणि सर्वांत उथळ ठिकाणी फक्त १२ मीटर खोल आहे, आणि दोन्ही बाजूंचे डोंगर दीड हजार मीटरच्याही वर जातात. २००५ पासून गेइरांगरफ्योर्डसोबत तो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

एवढ्या अरुंद दरीत डिझेलचं इंजिन चालतं तेव्हा त्याची घरघर दोन्ही कड्यांवर आदळून परत येते. हवा स्थिर असली तर धूरही वर जात नाही. वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि त्याखाली निळसर पट्टा तरंगत राहतो. त्यामुळे नॉर्वेच्या संसदेनं २०१८ मध्ये वारसा फ्योर्डांतून उत्सर्जन हटवायचा ठराव केला. १ जानेवारी २०२६ पासून १०,००० पेक्षा कमी ग्रॉस टनेजच्या (जहाजाच्या आतल्या एकूण जागेचं माप) प्रवासी जहाजांना हा नियम लागू आहे, मोठ्या क्रूझ जहाजांना २०३२ पर्यंत मुदत आहे. औरलँडफ्योर्डही या नियमात येतो. म्हणजे बोट हायब्रिड (डिझेल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी) असो वा पूर्ण विजेची, तिनं या मार्गावर बॅटरीवरच चालावं अशी अपेक्षा आहे.

या मार्गासाठी बांधलेल्या दोन बोटी जुळ्या बहिणी म्हणाव्यात इतक्या सारख्या दिसतात, आतली यंत्रं मात्र वेगळी आहेत. 'व्हिजन ऑफ द फ्योर्ड्स' २०१६ ची, हायब्रिड. 'फ्यूचर ऑफ द फ्योर्ड्स' २०१८ ची, पूर्णपणे बॅटरीवरची. दोन्ही ब्रॉद्रेने ओ या नॉर्वेजियन कारखान्यानं कार्बन फायबरमध्ये बांधल्या. दोन्ही ४२ मीटर लांब, ४०० प्रवाशांच्या, दोन सांगाड्यांच्या म्हणजे कॅटमरान. कार्बन फायबर हलकं असतं. बॅटरीचं ओझं वाहायचं तर बाकीचं वजन कमी करावंच लागतं, नाहीतर बॅटरी स्वतःलाच ओढण्यात संपते.

हायब्रिड बोटीची मूळ रीत अशी होती: रुंद औरलँडफ्योर्डमध्ये डिझेल, अरुंद नॅरॉयफ्योर्डमध्ये शिरताना डिझेल बंद आणि पुढे बॅटरीवर साधारण ८ नॉट, म्हणजे ताशी १५ किलोमीटर. विजेच्या बोटीत ४५० किलोवॅटच्या दोन मोटारी आणि १,८०० किलोवॅट-तासांची बॅटरी आहे. गणित सोपं आहे. दोन्ही मोटारी पूर्ण ताकदीनं चालवल्या तर बॅटरी दोन तासांत रिकामी होईल. पण बोट सगळा वेळ पूर्ण ताकदीनं चालत नाही. फ्लोम ते गुडवांगेन हे अंतर ती दोन तासांत कापते, त्यामुळे बॅटरी हाताशी राखून ती धक्क्याला लागते. संथ चालण्याचा आणखी एक फायदा आहे. सांगाड्याची घडण लाटा कमी उठाव्यात अशीच केली आहे, त्यात वेग कमी असला की काठावरच्या जुन्या धक्क्यांना आणि किनाऱ्याला तडाखा बसत नाही.

चार्जिंगची सोय हा या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत हुशार भाग आहे, आणि बहुतेक प्रवासी त्यावरून चालत जातात तरी त्यांना तो कळत नाही. गुडवांगेन हे मूठभर घरांचं गाव. तिथल्या वीजवाहिनीतून एवढी मोठी बोट वीस मिनिटांत चार्ज करायला घेतली तर गावाची वीज कोलमडेल. यावरचा उपाय आपल्याला चांगला ओळखीचा आहे: नळाला बारीक धार असेल तर टाकी भरून ठेवायची आणि हवं तेव्हा तोटी पूर्ण उघडायची. गुडवांगेनचा तरंगता धक्का ४० मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात २,४०० किलोवॅट-तासांची बॅटरी आहे. ती गावाच्या वाहिनीवरून दिवसभर हळूहळू भरते आणि बोट आली की झपाट्यानं रिकामी होते. बोटीवरचं सांडपाणीही याच धक्क्यावर उतरवायची सोय आहे, म्हणजे ते फ्योर्डमध्ये सोडावं लागत नाही.

आता दिशेचा प्रश्न. फेरा दोन्हीकडून करता येतो. बरेच जण बर्गेनहून व्हॉसला रेल्वेनं जातात, तिथून बसनं गुडवांगेनला आणि मग बोटीनं फ्लोमला. त्यात एक तोटा आहे. गुडवांगेनला बोट सुटते तीच फ्योर्डच्या अरुंद टोकातून. लोक जागा शोधत असतात, बॅगा ठेवत असतात, कॉफीच्या रांगेत उभे असतात, आणि तेवढ्यात सर्वांत सुंदर भाग मागे पडलेला असतो. उलट दिशा निवडा. बर्गेन ते मिर्डाल रेल्वेनं सुमारे दोन तास, मिर्डाल ते फ्लोम डोंगररेल्वेनं एक तास, फ्लोम ते गुडवांगेन बोटीनं दोन तास, मग बसनं सुमारे तासाभरात व्हॉस आणि तिथून सव्वा तासात बर्गेन. या दिशेनं फ्योर्ड हळूहळू अरुंद होत जातो आणि तोवर डोळे आणि कान दोन्ही सरावलेले असतात.

मिर्डाल–फ्लोम डोंगररेल्वेबद्दल थोडक्यात: २० किलोमीटर, २० बोगदे, आणि १८ ला १ असा चढ, म्हणजे १८ मीटर अंतरात १ मीटर उंची. बोरघाटात तो ३७ ला १ आहे, म्हणजे हा त्याच्या दुप्पट. श्योसफोसेन धबधब्यापाशी गाडी काही मिनिटं थांबते. फलाट ओला असतो आणि तुषार थेट अंगावर येतात, तेव्हा फोन झाकून उतरा.

फ्लोमला बोटीच्या वेळेआधी निदान अर्धा तास धक्क्यावर पोचा. आसनांना क्रमांक नसतात. आधी चढणाऱ्याला बाहेरची चांगली जागा मिळते. बोटीच्या दोन्ही बाजूंनी वरपर्यंत नागमोडी वाट काढली आहे, ती डोंगरातल्या पायवाटांवरून सुचलेली आहे. तिचा फायदा असा, की ४०० माणसं एकाच कठड्याला चिकटत नाहीत, वेगवेगळ्या उंचीवर पसरतात. सर्वांत वरच्या डेकवर चहूबाजूंनी दिसतं, पण वाराही तिथंच सर्वांत जास्त. आपली शिफारस पुढच्या टोकाची, म्हणजे नाळेची. तिथं पाणी कापल्याचा आवाज ऐकू येतो आणि सूचनांचे भोंगे त्या मानानं दूर असतात. गुडघेदुखी असलेल्यांनी चढायचा हट्ट धरू नये, कारण खालच्या दालनाच्या काचा छतापासून खालपर्यंत आहेत आणि बसूनही छान दिसतं. मात्र काचेआड बसलं की शांततेतला अर्धा आनंद गेला. निदान शेवटचा अर्धा तास तरी बाहेर या.

पहिल्या टप्प्यात उजव्या हाताला औरलँड गाव येतं. त्याच्या वर डोंगरात स्टेगास्टाइनचा सज्जा दिसतो. ३० मीटर हवेत निघालेला हा लाकडी सज्जा फ्योर्डच्या ६५० मीटर वर आहे, म्हणून खालून तो काडीएवढा दिसतो. मग डाव्या हाताला उंड्रेडाल. तिथलं लाकडी चर्च बाराव्या शतकातलं आणि जेमतेम ४० माणसांचं, पण गावाचं नाव झालं ते शेळीच्या दुधाच्या तपकिरी चीजमुळे. दुधाचं पाणी आटवत खमंग होईपर्यंत शिजवतात, त्यामुळे त्याची चव चीजपेक्षा खारट खव्याच्या जवळ जाते. बोटीवर किंवा फ्लोमच्या दुकानात मिळालं तर जरूर चाखा.

पुढे बेइटेलेनचा सुळका येतो आणि बोट डावीकडे वळते. दिवसातली सर्वांत महत्त्वाची जागा हीच. वळण घेतल्यावर फोन खिशात ठेवून पाच मिनिटं नुसतं ऐका. मोटारींची बारीक गुणगुण आणि हवा खेळवणाऱ्या पंख्यांचा आवाज राहतो, तो पूर्ण जात नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. पण पायाखालची थरथर नसते. धबधबे दिसण्याच्या आधी ऐकू येतात. काठावर शेळ्या असल्या तर त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात. पाण्यात क्वचित सील दिसतात. उजवीकडे बाक्काची दोन-चार घरं आणि पांढरं चर्च आलं, की अखेरचा टप्पा सुरू झाला म्हणून समजा.

धबधबे हवे असतील तर मेचा उत्तरार्ध आणि जून. वरचं बर्फ तेव्हा वितळत असतं, त्यामुळे गुडवांगेनजवळचा सातशे मीटरहून उंच श्येलफोसेन दुधासारखा कोसळतो. ऑगस्टमध्ये तोच कोरड्या दिवसांत दोऱ्याएवढा होतो. पाऊस पडला तर दिवस वाया गेला असं मानू नका, तासाभरात कड्यांवर नवे ओहोळ फुटतात. उंच कड्यांमुळे ऊन तळापर्यंत फार थोडा वेळ येतं, तेव्हा फोटोंसाठी दुपारच्या आसपासची फेरी बरी. हिवाळ्यात बोटी चालतात पण फेऱ्या कमी असतात आणि सूर्य कड्याच्या वर येतच नाही. बर्फाच्छादित डोंगर आणि निळसर उजेड आवडत असेल तरच तेव्हा जा. दरड किंवा हिमवादळामुळे रेल्वे-रस्ता बंद पडण्याची शक्यताही तेव्हा जास्त.

फसगत होते ती बहुतेक तीन गोष्टींत. पहिली, फ्लोममधली गर्दी. हे काही शे वस्तीचं गाव, पण मोठं क्रूझ जहाज लागलं की दोन-तीन हजार माणसं एकदम उतरतात आणि डोंगररेल्वे व बोट दोन्ही भरतात. कोणत्या दिवशी कोणतं जहाज येणार याचं वेळापत्रक बंदर आधीच जाहीर करतं. तारीख ठरवण्यापूर्वी ते बघा. दुसरी, सांधे जुळणं. सगळी तिकिटं एकत्र घेतली तर वेळा जुळवून मिळतात. वेगवेगळी घेतली तर पुष्कळदा स्वस्त पडतात, पण रेल्वे उशिरा आली तर सुटलेल्या बोटीचा भुर्दंड तुमचा. तिकिटं वेगवेगळी घेत असाल तर फ्लोमला बोटीआधी दीड तास तरी मोकळा ठेवा. तिसरी, बोट. देखभालीसाठी बोट बदलली जाऊ शकते, म्हणून आरक्षण करताना नुसतं 'फ्योर्ड क्रूझ' न पाहता कोणती बोट लावली आहे ते वाचा. जुन्या प्रवासवर्णनांत गुडवांगेनच्या बससोबत स्टालहाइमच्या नागमोडी घाटाचं वर्णन येतं. तो घाट आता वाहनांना बंद आहे, बस बोगद्यातून जाते. त्यासाठी म्हणून कुणी तिकीट काढू नये.

कपड्यांच्या बाबतीत जुलैचा उन्हाळा मनात धरू नका. गावात १८ अंश असले तरी चालत्या बोटीच्या वाऱ्यात ते दहा-बारासारखे लागतात. आत लोकरीचं, वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट, कानटोपी, आणि ओल्या डेकवर न घसरणाऱ्या रबरी तळव्याचे बूट. छत्री नेऊ नये, ती उलटते आणि मागच्या माणसाचं दृश्य अडवते. बोट लागण्याची भीती मात्र सोडा, इथं समुद्री लाट पोचतच नाही.

खाण्याची बाजू कमजोर आहे. बोटीवर कॉफी, गोड पाव, सँडविच, सॉसेज असं मिळतं. शाकाहारी माणसाची भूक त्यावर भागत नाही आणि किंमत नॉर्वेची. तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणी, सुका खाऊ सोबत ठेवा. भारतातून नेताना ध्यानात असू द्या, की युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नॉर्वेत आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी घरीच राहू द्या. पाण्याची बाटली रिकामी न्या आणि नळावर भरा, तिथलं नळाचं पाणी उत्तम आहे.

जमत असेल तर हा फेरा एका दिवसात उरकूच नका. दिवसभराच्या धावपळीत पाण्यावरचे तास दोनच मिळतात. फ्लोम किंवा गुडवांगेनला एक रात्र राहिलं तर क्रूझची गर्दी ओसरल्यावरची संध्याकाळची किंवा सकाळची पहिली फेरी घेता येते, आणि तेव्हा डेकवर बोलणारी माणसंही कमी असतात. ज्यांच्याकडे खरोखर एकच दिवस आहे त्यांनी डोंगररेल्वेचं आसन कुठल्याही बाजूचं घ्यावं, जेवण डब्यातलं खावं, आणि बेइटेलेनच्या वळणाआधी नाळेवर जाऊन उभं राहावं.