मर्दानी खेळाचे नऊ महिने: काठी टिकली, गिरकी नाही

जूनमध्ये पोराला तालमीत घालायला गेलो होतो. तो चौथ्या दिवशी रडत घरी आला, मी राहिलो. वय 36, उद्यमनगरात लेथवर काम, वजन 84 किलो, डावा गुडघा कुरकुरणारा. मर्दानी खेळ, म्हणजे काठी-पट्ट्याची आपली जुनी युद्धकला, शिकतोय म्हटलं की कोल्हापुरात दोनच गोष्टी ऐकायला मिळतात. एक तर "नाद खुळा!", नाहीतर "भावा, ते मिरवणुकीपुरतं. समोरच्यानं दोन ठोसे दिले तर काठी फिरवायला वेळ मिळतोय व्हय?" दुसरी शंका मलाही होती. म्हणून ऑगस्टपासून दर गुरुवारी संध्याकाळी एका किकबॉक्सिंग क्लासात स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, जायला लागलो. पहाटे तालीम, गुरुवारी मार. दोन्हीकडून अंगावर काय उमटलं ते लिहितोय.

खर्चाचं आधी सांगून टाकतो. तालमीत फी नाही. नारळ, वस्तादांच्या पाया पडणं आणि स्वतःची काठी, 200 रुपयांची. किकबॉक्सिंगला ग्लोव्हज, पायाची पॅडं आणि दातांचं गार्ड मिळून 4500 गेले, महिन्याची फी वेगळी.

पहिले दोन महिने नुसता पवित्रा आणि काठी. गुडघे वाकवून कंबर खाली, पाऊल तिरकं, काठी अंगाच्या दोन्ही बाजूंनी फिरती. मांड्या इतक्या भरून यायच्या की लेथसमोर उभं राहताना टेकू शोधायचो. पण दम वाढला, खांदे सुटले, आणि गुडघा चक्क सुधारला. एवढ्यासाठी जरी कोणी जात असेल तर डोळे झाकून जावं.

पहिल्या गुरुवारी समोर बाविशीचा पोरगा होता, माझ्यापेक्षा वीस किलो हलका. मी तालमीतल्या पवित्र्यात उभा राहिलो आणि त्यानं सरळ नाकावर दिला. मग परत दिला. कारण साधं आहे. काठी धरलेली असते तेव्हा हात कमरेजवळ असतात आणि तोंडाची राखण काठी करते. काठी काढून घेतली की तोंड उघडं पडतं, पण हात सवयीनं खालीच राहतात. ही सवय मोडायला मला दिवाळी उजाडली.

त्याहून वाईट गिरकी. आमच्या खेळात अंगाभोवती फिरत वार करणं सारखं येतं, आणि त्याला अर्थ आहे: चहूबाजूंनी माणसं असतील तर फिरती काठी आपल्याभोवती मोकळं रिंगण ठेवते. पण समोर एकच माणूस असताना फिरणं म्हणजे त्याला पाठ दाखवणं. एकदा नकळत फिरलो. तोंड परत समोर येईपर्यंत बरगडीत लाथ बसली होती. आठवडाभर हसता येत नव्हतं, आणि आमच्या पोरांनी तो आठवडा हसवण्यातच घालवला.

एक गोष्ट मात्र तिथेही चालली: तिरकं पाऊल. काठीत सरळ मागे हटायचं नसतं, वाराच्या रेषेतून बाजूला निघून कोन घ्यायचा असतो. नोव्हेंबरपर्यंत हात वर आले तसं हे पाऊल उपयोगी पडायला लागलं. तो बाविशीचा पोरगा आत यायचा तेव्हा मी तिथे नसायचो. क्लासातल्या सरांनी विचारलं, "हे कुठं शिकलास?" तालमीत म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. कौतुकानं की अविश्वासानं, अजून कळलेलं नाही.

पण काठीच्या खेळाची परीक्षा रिकाम्या हातानं घेणं मला बरोबर वाटेना. मग आम्ही चौघांनी जुगाड केला. पीव्हीसी पाइप, त्यावर एसीच्या तांब्याच्या नळीला घालतात तो काळा फोम, वरून टेप. डोक्याला क्रिकेटचं जाळीवालं हेल्मेट, हातात बॅटिंगचे ग्लोव्हज. रविवारी सकाळी कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोकळी लढत, ठरवून काही नाही.

पहिल्या रविवारी आमची बसवलेली एकही जोडलढत दुसऱ्या वारापुढे गेली नाही. तालमीत जोडीदार कुठे मारणार हे मला माहीत असतं आणि मी कुठे अडवणार हे त्याला. हलगी वाजतेय, ठेका आहे, काठीला काठी भिडतेय, बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. शेडमध्ये ठेका गेला. समोरचा वार अर्धवट सोडून दुसरीकडेच मारायचा. आणि दहातले सहा-सात फटके बसायचे ते बोटांवर आणि मनगटावर, कारण काठी धरणारा हात सगळ्यात पुढे असतो. उजव्या करंगळीचं नख त्यातच गेलं.

ते नख गेल्यावर मला दांडपट्टा, म्हणजे लांब लवचीक पात्याची तलवार, कळला. पट्ट्याच्या मुठीत हात जवळजवळ कोपरापर्यंत लोखंडात झाकलेला असतो. मला ती शोभा वाटायची. ज्याच्या बोटांवर दहा रविवार मार बसलाय त्यालाच समजतं की ती मूठ बनवणाऱ्यानं आधी काय पाहिलं असेल. 2024 मध्ये सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून आमच्याकडे फोटोसाठी पट्टा मागणारे वाढलेत. डोक्यावरचं लिंबू पट्ट्यानं कापणं हा हातावरच्या ताब्याचा कळस आहे, मी ते दहा वर्षांत करू शकणार नाही. पण लिंबू वार चुकवत नाही.

हे मी तालमीत बोललो तेव्हा एका जुन्या खेळाडूनं तेच उत्तर दिलं जे जगभर दिलं जातं: "आपले वार जिवावरचे आहेत, ते खेळात कसे मारायचे?" यावर मला जपानच्या जिगोरो कानो यांची गोष्ट पटते. त्यांनी 1882 मध्ये जुन्या जुजुत्सूतून ज्युदो उभा केला. मोकळ्या सरावातून त्यांनी जिवावरचे डाव बाजूला काढले. त्यामुळे उरलेले डाव पोरांना रोज, पूर्ण ताकदीनं, खऱ्या विरोधावर करता आले. जिवावरचे डाव हवेत करणाऱ्यांपेक्षा हीच पोरं भारी पडली. 2017 मध्ये चीनमध्ये एका एमएमएवाल्यानं (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या लढतीतला) ताई चीच्या शिक्षकाला काही सेकंदांत झोपवलं, तो व्हिडिओ आमच्या ग्रुपवरही फिरतो. लोक म्हणतात ताई ची हरली. मला त्यात एवढंच दिसतं की एकाला मार खायची सवय होती आणि दुसऱ्याला नव्हती.

याचा पुरावा शोधायला चीनला जायची गरजही नाही, कुस्तीच्या तालमीत जावं. डिसेंबरमध्ये आमच्यातल्या एकाचा पैलवान मावसभाऊ क्लासात आला. ठोसा म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं. दोन खाल्ले, तिसऱ्याखालून शिरला, पट काढला (पाय धरून पाडलं) आणि तो किकबॉक्सिंगवाला पोरगा मॅटवर. परत उभे केले, परत तेच. कुस्तीही जुनीच विद्या आहे की! फरक एवढाच की पैलवान रोज जोर करतो, म्हणजे समोरचा रोज त्याला पाडू देत नाही. मग जमिनीवरची कुस्ती खेळणारा एक जण त्याच्याशी भिडला. पैलवान खाली आला की पाठ लागू नये म्हणून पोटावर वळतो. चितपट झालं की कुस्ती संपली हे त्याच्या हाडात मुरलंय. तो वळला, समोरच्यानं पाठीवर बसून गळा धरला. पैलवान उठून हसत म्हणाला, "हे आमच्यात नाही." महिन्याभरात त्यानं वळणं सोडलं. खाशाबा जाधव 1948 ला लंडन ऑलिंपिकला सहावे आले आणि 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले, तेही मातीतून मॅटवर गेलेले. अंगात कुस्ती मुरलेली असेल तर नवे नियम शिकता येतात.

आता तक्रार. आमच्याकडे हा विरोधाचा सराव नव्हता असं नाही. फरी-गदका आहे: एका हातात लहान ढाल, दुसऱ्या हातात चामड्यानं मढवलेला गदका. तलवारीऐवजी गदका अशासाठीच की खरा मारता यावा आणि माणूस उठून घरी जावा. आमच्या तालमीत फरी-गदके कोपऱ्यातल्या पेटीत असतात आणि खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर येतात. जानेवारी लागला की शिवजयंतीची तयारी, मग आगीची बनाटी (टोकं पेटवून फिरवायची काठी), मनोरे, मोबाइलकडे बघून आरोळ्या. लढत शून्य. प्रात्यक्षिकावर माझा राग नाही, त्याच्यामुळेच पोरं येतात. पण वर्षभर प्रात्यक्षिकच केलं तर प्रात्यक्षिकच येणार.

म्हणून मार्क द्यायचे तर असे देईन. अंग कमवायला पैकीच्या पैकी. हातात काठी असेल आणि मोकळ्या लढतीची सवय असेल तर भरवशाची. रिकाम्या हातानं रिंगमध्ये जायचं असेल तर नुसत्या मर्दानी खेळावर जाऊ नका, नाकाला विचारा माझ्या. पट्ट्याची मोकळी लढत आम्ही कधी केली नाही, त्यामुळे त्याला मार्क नाहीत.

गेल्या महिन्यात धीर करून वस्तादांना शेडमधलं सगळं सांगितलं. वाटलं रागावतील. वय सत्तरीच्या पुढे, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यांनी पेटी उघडायला लावली, एक फरी-गदका माझ्याकडे टाकला, दुसरा स्वतः घेतला. पाच मिनिटांत माझ्या मनगटावर चार बसले, मला एकही मारता आला नाही. मी दम खात विचारलं, "वस्ताद, तुम्हाला कळतंय कसं?"

"लेका, वार करायच्या आधी तुझा खांदा बोलतोय."

आता बुधवारी पहाटे फरी-गदका असतो, सहा जण येतो. खांदा अजून बोलतोच, पण हळू. हे गुपित गुरुवारच्या त्या पोराला मी सांगितलेलं नाही, कारण त्याचाही बोलतो.