टमाट्याचा डबा घ्यायचा, तर कोणता?

थंडीत मोंढ्याबाहेर टमाटे ढिगाने पडलेले असतात, तेव्हा डब्याकडे बघूही नये. प्रश्न येतो तो जून-जुलैत. 2023च्या जुलैत टमाट्याने किलोमागे शंभरी कधीच ओलांडली होती. अशा वेळी लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरच्या मोठ्या दुकानात प्युरी, पेस्ट, सोललेले अख्खे टमाटे आणि फोडी अशा चार तऱ्हा समोर येतात.

रोजच्या भाजीसाठी खरी निवड प्युरी की पेस्ट, एवढीच. ताज्या टमाट्यात पाणी वगळून ऐवज असतो जेमतेम 4-5 टक्के. आपल्याकडच्या नियमाने प्युरीत तो किमान 9 आणि पेस्टमध्ये किमान 25 टक्के लागतो. म्हणजे 200 ग्रॅम प्युरीचा भाव साधारण 400 ग्रॅम टमाट्यांशी ताडून बघायचा, आणि तेवढीच पेस्ट म्हणजे किलोभर टमाटे. हा हिशेब केला की पेस्ट वाटते तेवढी महाग राहत नाही.

वापरताना मात्र दोघींची तऱ्हा वेगळी. प्युरी आधीच शिजलेली असते. कांदा लाल झाला की ओता, दोन-चार मिनिटं परता, काळं तिखट घाला, झालं. पेस्ट तेलातच परतावी लागते, रंग विटकरी होईपर्यंत. पण नजर हलली की तळाला धरते आणि रस्सा कडवट होतो. घाई असेल तर प्युरी. दोघांचंच घर असेल तर पेस्ट, कारण लागते चमचाभरच.

फोडींचा डबा दिसायला देखणा, पण रश्श्यात निराशा करतो. फोडी मोडू नयेत म्हणून बहुतेक कंपन्या कॅल्शियम क्लोराइड घालतात, लेबलवर 509 आकडा दिसेल. मग त्या वीस मिनिटं उकळूनही वरणात तशाच तरंगतात. राजमा किंवा पुलावात चालतील. पावभाजीत नकोच, रगडून हात दुखेल.

सोललेले अख्खे टमाटे त्यामानाने गुणी. हाताने कुस्करले की गळून जातात, पिझ्झा-पास्त्याच्या सॉसला यांच्यासारखं काही नाही. 400 ग्रॅमच्या परदेशी डब्यात टमाटे साधारण 240 ग्रॅम, बाकी रस. तो रस ओतून देऊ नका, सारात घाला. ‘सान मार्झानो’ या इटालियन टमाट्याच्या नावाला जादा पैसे द्यायचे तर डब्यावर युरोपचा डीओपी, म्हणजे माल मूळ ठिकाणचाच असल्याचा, शिक्का आहे का बघा, नुसतं नाव कुणीही छापतं. येसराच्या आमटीत मी तरी यातलं काहीच घालत नाही.

कोणताही डबा फुगलेला असेल तर घेऊ नका. उघडल्यावर उरलेलं काचेच्या बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवा, आंबटपणाने पत्र्याची चव उतरते. उरलेली पेस्ट बर्फाच्या ट्रेमध्ये चमचा-चमचा गोठवली तर महिनाभर पुरते.