‘शुद्धी चालू आहे’ म्हणून खपवलेले जुलाब

रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलवर ‘मोफत आरोग्य तपासणी’चा बॅनर लागतो. वय, उंची, वजन लिहून घेतात आणि मुठीत धातूची कांडी धरायला देतात. तिची वायर लॅपटॉपला जोडलेली. मिनिटभरात पानंच्या पानं रंगीत अहवाल निघतो: झिंक कमी, मॅग्नेशियम कमी, बी-१२ कमी, आतड्यांची शोषणशक्ती कमी. शेजारच्या टेबलावर तीन महिन्यांचं पॅकेज तयारच असतं.

कांडी धरून फार तर त्वचेतून वीज किती सहज वाहते ते कळेल, आणि तेही तळहाताला घाम आला की बदलतं. बी-१२ किंवा फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) मोजायला रक्तच द्यावं लागतं. ही झाली पैशाची फसवणूक. पोटाची फसवणूक घरी गेल्यावर सुरू होते.

पॅकेजमध्ये पावडर, कॅप्सूल, गोळ्या, थेंब असे चार प्रकार. एकेकाचं लेबल वाचलं तर काही खटकत नाही, म्हणून चौघांची बेरीज करा. पूरक म्हणून घेतलेलं मॅग्नेशियम दिवसाला ३५० मिलिग्रॅमच्या वर गेलं की न शोषलेला भाग आतड्यात पाणी ओढतो आणि जुलाब होऊ शकतात. पोट साफ होण्याच्या औषधांत मॅग्नेशियमचे क्षार वापरतात ते याच गुणामुळे. क जीवनसत्त्व २,००० मिलिग्रॅमच्या पुढे गेलं तरी तीच गत. झिंक रिकाम्या पोटी घेतलं तर मळमळतं; रोज ४० मिलिग्रॅमच्या वर महिनोनमहिने चाललं तर तांब्याचं शोषण अडतं. लोहाने अनेकांना बद्धकोष्ठता होते.

पोट बिघडल्याचा फोन केला की उत्तर ठरलेलं: ‘शुद्धी चालू आहे, विषारी द्रव्यं बाहेर पडतायत, डोस वाढवा.’ हे वाक्य कानावर आलं की त्याच दिवशी सगळं बंद करा. जादा डोसचा त्रासच गुण आल्याची खूण म्हणून विकायचा, ही या धंद्यातली सगळ्यात निर्दय गोष्ट आहे.

‘शी काळी होते म्हणजे लोह लागू पडतंय’ हेही सांगतात. लोहाने रंग काळसर-हिरवट होतो, हे खरं. पण डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची असेल तर जठरात रक्तस्राव असू शकतो. तिथे एक दिवसही थांबू नका.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची कॅप्सूल डॉक्टर सहसा आठवड्याला एक देतात. तीच रोज घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढतं: तहान, बद्धकोष्ठता, उलट्या, पुढे मूत्रपिंडाला इजा. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, त्यामुळे कॅप्सूल थांबवल्यावरही त्रास लगेच सरत नाही.

आणि खरी कमतरता तशीच राहते. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्यांत बी-१२ घटू शकतं. पुरुषाचं किंवा पाळी थांबलेल्या बाईचं लोह कमी निघालं, तर रक्त कुठून जातंय ते आधी शोधावं लागतं: मूळव्याध, अल्सर, आतड्यातली गाठ. पावडरीने हिमोग्लोबिन वर आलं की तो शोधच लांबतो.

पैसे भरून बसला असाल तर बिल, व्हॉट्सअ‍ॅपवरचे दावे आणि डब्यांचे सगळ्या बाजूंचे फोटो जपून ठेवा, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. डब्यावरचा १४ आकडी परवाना क्रमांक खाद्यपदार्थाचा असतो, औषधाचा नव्हे. त्यावर रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. उरलेले डबे फेकू नका. पिशवीत भरून डॉक्टरांकडे न्या, म्हणजे रोज किती पोटात गेलं याची बेरीज त्यांना करता येईल.